सत्तर डिग्री कुठली?

मागच्या मे महिन्यात दुपारी दीडला साताऱ्यातल्या एका ग्राउंडवर माझा पुतण्या पळता पळता कोसळला. भरतीची तयारी करतोय. मी पोचलो तेव्हा तो काहीतरी बरळत होता. अंग तव्यासारखं, आणि घाम मात्र धो धो. लोकांना वाटतं उष्माघातात घाम थांबतोच. पळणाऱ्याचा थांबेलच असं नाही. टाकीतलं पाणी बादल्यांनी त्याच्यावर ओतत राहिलो, मग दवाखान्यात नेलं. वाचला पोरगा. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "काका, सर म्हणतात बॉर्डरवर जवान सत्तर डिग्रीत उभा असतो, तुम्हाला चाळीस जड होतंय?"

मी सतरा वर्षं ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराच्या गाड्या-रणगाडे दुरुस्त करणाऱ्या शाखेत काढली. दोन उन्हाळे बिकानेरकडच्या महाजन रेंजवर टी-७२ रणगाड्यांच्या दुरुस्तीला होतो. पान्हा उन्हात राहिला तर उचलता येत नसे, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचो. रणगाड्यात एसी नाही. आत उतरलेला गडी अर्ध्या तासात चिंब होऊन वर यायचा. त्या उन्हाला मी कधीच कमी लेखणार नाही. पण सत्तर डिग्री हवेत? नाही.

हवेचं तापमान झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून साधारण चार फुटांवर, सावलीत मोजतात. तसं मोजलेला भारतातला उच्चांक ५१ अंश आहे, राजस्थानात फलोदीला, १९ मे २०१६ चा. जगाचा ५६.७, अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीत, १९१३ चा. वाळू मात्र पासष्ट-सत्तरला जाते, उन्हातला पत्राही. कुणीतरी थर्मामीटर वाळूत खुपसतो, फोटो काढतो, आणि फॉरवर्ड होता होता वाळूचा आकडा हवेचा होऊन बसतो.

मोजणारेही चुकतात. लिबियातल्या १९२२ च्या ५८ अंशांना जगाचा उच्चांक म्हणून नव्वद वर्षं मान होता. २०१२ मध्ये जागतिक हवामान संघटनेने तो रद्द केला, कारण वाचणाऱ्याने थर्मामीटर चुकीचा वाचला असण्याची दाट शक्यता निघाली. मे २०२४ मध्ये दिल्लीच्या मुंगेशपूरला ५२.९ लागले, देशभर बातमी झाली. तपासल्यावर सेन्सरच तीन अंश जास्त दाखवत होता.

मला राग येतो तो यासाठी की माणूस मरायला सत्तर लागत नाहीत. वळवाचा पाऊस पडून गेल्यावर आपल्याकडे पारा पस्तिशीत असतो, पण घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. त्यात पाठीवर ओझं घेऊन पळणारा पोरगा तेवढ्यात जाऊ शकतो. आमच्याकडे नव्या आलेल्या तुकडीला पहिले दहा-बारा दिवस हलकंच काम असे, पीटी सूर्य वर यायच्या आत. सत्तर डिग्रीच्या गोष्टी सांगणाऱ्यांना हे दहा-बारा दिवस कधी आठवत नाहीत.

साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातले ४६ जण पहिल्या महायुद्धात गेले. त्या गावाला जवानाचं मोठेपण पटवायला कुणाला आकडा फुगवावा लागला नाही.

पुतण्या आता पहाटे पाचला पळतो. ग्राउंडच्या कडेला लिंबाच्या सावलीत मी एक थर्मामीटर टांगलाय. त्याच्याबरोबरची पोरं आल्या आल्या आधी तिकडे बघतात, मग बूट बांधतात. सरांशीही बोललो. दुपारची बॅच अजून बंद झालेली नाही, उद्या परत जाणार आहे.