काळी पोत, पाच फुटी होज आणि बायण्याची होडी

वास्कोच्या लॉजवर मी फरशीवर स्कूबा डायव्हिंगचा पसारा मांडून बसले होते. पाठीवर हवेची टाकी बांधायची स्टीलची बॅकप्लेट, तिच्यातून ओवलेला दोन इंची पट्टा, वस्तू अडकवायच्या पाच डी-रिंगा, टाकीतली हवा तोंडात देणारे दोन रेग्युलेटर, मेणबत्ती, आणि पंक्चरवाल्याकडून कापून आणलेल्या सायकलच्या ट्यूबच्या चकत्या. पाण्याचा जग घेऊन आलेल्या बाई दारातच थबकल्या. "हें कितें गे, घोड्याचो साज?"

खरं तर बऱ्यापैकी तसंच.

आदल्या रात्री कोकणकन्येत बसलो, सकाळी मडगावला उतरलो, कदंबच्या बसने वास्को. परतही रेल्वेनेच जाणार होतो. दिवसाला दोन डाइव्ह केल्या की विमानात बसायला १८ तास थांबावं लागतं, आणि तो वेळ लॉजच्या छताकडे बघत घालवण्यापेक्षा रेल्वे परवडते. सोबत भाचा. ताजा ताजा ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स केलेला, त्यामुळे सगळं माहीत असलेला.

हा पसारा उगाच नव्हता. मागच्या जानेवारीत इथेच, वास्कोजवळच्या ग्रँड आयलंड बेटापाशी, भाड्याचं डायव्हिंग जॅकेट घालून उतरले होते. त्याचा पिवळा ऑक्टोपस, म्हणजे अडीअडचणीला दुसऱ्याला द्यायचा जादा रेग्युलेटर, छातीवर एका प्लास्टिकच्या चापात खोचलेला होता. चाप ढिला. दहा मिनिटांत तो सुटला आणि माझ्या मागे शेपटीसारखा वाळूतून घासत आला. मला पत्ताच नाही. वर यायच्या आधी सहज चाचपला तर छातीवर नाही, कमरेला नाही. काखेत कळसा असता तरी चाललं असतं, इथे कळसा पाठीमागे, हाताला न लागणारा. शेवटी सापडला तेव्हा तोंडात घेऊन पहिला श्वास ओढला आणि दाताखाली कचकच वाळू आली. त्या दिवशी कोणाची हवा संपली नव्हती. संपली असती तर मी त्याला वाळूच दिली असती.

तेव्हा ठरवलं, स्वतःचा पट्टा, स्वतःची मांडणी.

ही मांडणी माझ्या डोक्यातून आलेली नाही. फ्लोरिडात पाण्याखालच्या गुहांत पोहणाऱ्या लोकांनी ती घडवली, आणि त्यांतल्या बिल हॉगार्थ मेनच्या मधल्या नावावरून तिला हॉगार्थियन म्हणतात. एकमेकांची हवा वाटून घेतानाही गुहेतून एकामागे एक बाहेर यावं लागतं, म्हणून ते सात फुटी होज, म्हणजे रेग्युलेटरची नळी, वापरतात. मी उतरते तिथे अशा गुहा नाहीत, मला पाच फूट पुरते. पण गोव्यात गढूळ पाणी आहे. झुआरीचं तोंड जवळ, काही दिवशी तीन मीटरपलीकडचं दिसत नाही. अशा पाण्यात वस्तू डोळ्याने शोधायची नसते, हाताला ती जिथे असायला हवी तिथेच असावी लागते.

या मांडणीत हवा संपलेल्याला आपल्या तोंडातला रेग्युलेटर द्यायचा असतो. भाच्याचा पहिला आक्षेप तिथेच. "मावशी, तू तुझ्या तोंडातला देणार? मग जादाचा कशाला घेतलास?"

"जादाचा माझ्यासाठी. तोंडातला तुझ्यासाठी."

घाबरलेला माणूस मागत नाही, ओढतो. आणि ओढताना ज्यातून बुडबुडे येताना दिसतात तोच ओढतो. तो चालू आहे हे त्याला दिसतंय, मलाही माहीत आहे, कारण आत्ताच त्यातून श्वास घेत होते. म्हणून लांब होज तोंडातल्याला. ती पाठीवरून खाली येते, उजव्या काखेखालून छातीवर आडवी जाते, डाव्या खांद्यावरून मानेमागे वळसा घेऊन उजवीकडून तोंडात. द्यायची वेळ आली की रेग्युलेटर पुढे करायचा आणि मान खाली घालायची. वळसा सुटतो, होज मोकळी.

आणि जादाचा? तो गळ्यात. सहा मिलिमीटरच्या काळ्या इलॅस्टिक दोरीचा गोफ करून त्यात अडकवलेला, हनुवटीच्या बरोबर खाली. भाचा त्याला लगेच काळी पोत म्हणायला लागला. ही पोत करायला मला तास लागला. पहिली आखूड झाली, गिळताना घशाला लागायची. दुसरी लांब, रेग्युलेटर पार छातीच्या हाडापर्यंत. लॉजच्या आरशासमोर उभी राहून हात पाठीमागे बांधले, मान खाली घातली आणि नुसत्या ओठांनी माउथपीस पकडता येतो का ते पाहिलं. तिसऱ्या वेळी आला. दोरीची टोकं मेणबत्तीवर वितळवली, बोट भाजलं, गाठी ओढून घट्ट केल्या.

बाकीचं पटकन झालं. टाकीत किती हवा उरली ते दाखवणाऱ्या प्रेशर गेजची होज डाव्या कमरेच्या डी-रिंगला, पोटाशी चिकटून. छोटा टॉर्च खांद्याच्या पट्ट्यावर ट्यूबच्या दोन चकत्यांत. कटर कमरेच्या पट्ट्यावर डावीकडे. बोल्ट स्नॅप, म्हणजे डी-रिंगेत अडकवायचा हुक, होजला धातूच्या कडीने नाही, दोऱ्याने बांधायचा, म्हणजे कुठे अडकलाच तर कापता येतो. खाली माणूस आहे हे कळावं म्हणून फुगवून वर सोडायची नारिंगी एसएमबी खिशात, कारण ग्रँड आयलंडच्या वाटेवर डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्या रिक्षांसारख्या फिरतात.

सकाळी पातळ भाजी-पाव खाऊन वास्कोचाच बायणा किनारा. होडीवरचे दादा मालवणचे. माझा साज त्यांनी खालून वर न्याहाळला, पण बोलले भाच्याला, ज्याचा भाड्याचा ऑक्टोपस लोंबत होता. "ही पिवळी शेपूट आधी नीट खोच. खय तरी अडकतली."

मी मनात खूश. ते फार टिकलं नाही.

होडी डुलत होती, मला घाई झाली होती, आणि मी लांब होज आधी मानेभोवती घेतली, पोत नंतर घातली. पाण्यात पडल्यावर वरच तपासणी केली. भाच्याने खूण केली, मी रेग्युलेटर पुढे केला आणि तो वीतभर जाऊन थांबला. पोतीने होज दाबून धरलेली. मी ओढते, तशी गळ्यातली दोरी हनुवटीत रुतते. वरून दादांनी एकच विचारलं, "मॅडम, कोणाचो गळो दाबतास?" पोत आधी, लांब होज सगळ्यांच्या वरून आणि सगळ्यांत शेवटी. काल संध्याकाळी हेच वाक्य मी भाच्याला तीनदा ऐकवलं होतं. त्याने ते आता मला एकदाच ऐकवलं.

सुझीज रेक म्हणजे मोडून पडलेलं जहाज, दहा-बारा मीटरवर. पत्र्यांवर शेवाळ, खाली सावलीत एक गोबरा तोंड वासून बसलेला. (पेपरवाले 'ऑक्सिजन सिलिंडर' लिहितात. पाठीवर असते ती साधीच हवा, दाबून भरलेली. दहा मीटरवर दाब दुप्पट, म्हणून ती संपतेही दुप्पट वेगाने.)

वाळूवर गुडघे टेकवून भाच्याने गळ्यावर आडवा हात फिरवला. हवा नाही. हा सराव. मी उजव्या हाताने रेग्युलेटर दिला, मान खाली घातली, होज सुळकन मोकळी झाली. तोंड रिकामं. हनुवटी खाली केली तर माउथपीस ओठांना लागला, फूक मारून पाणी काढलं आणि श्वास घेतला. वाळू नव्हती. भाच्याचे डोळे मास्कमागे मोठे झाले होते, त्याने माझ्या गळ्याकडे बोट दाखवलं आणि अंगठा-तर्जनीचा गोल केला. मग आम्ही उलटं केलं. त्याने मला पिवळा द्यायचा होता. त्याला तो सापडायला वेळ लागला. मी मनात मोजत होते, अकरापर्यंत.

संध्याकाळी बादलीत गोड्या पाण्यात सगळं बुडवून ठेवलं आणि होज गॅलरीच्या कठड्यावर वाळत टाकल्या. बाई परत जग घेऊन आल्या, या वेळी काही बोलल्या नाहीत. भाचा कुठे दिसेना. अर्ध्या तासाने आला तो हातात सायकलची एक अख्खी जुनी ट्यूब घेऊन. पंक्चरवाल्याने पैसे घेतले नव्हते.

"मावशी, ती दोरी कुठल्या दुकानातली?"