मामा, गडकरी आणि माझा तीन हजाराचा पास

आमच्या मामांकडे रस्त्यावरच्या प्रत्येक त्रासाला एकच औषध आहे, "लाव रे त्या गडकरींना फोन." मागे कॉलनीतल्या खड्ड्यात माझं टायर फुटलं तेव्हाही हेच. आता तो खड्डा दिल्लीतून कोण बुजवणार सांगा.

परवा त्यांना चांदवडहून घेऊन ठाण्याला निघालो. मावशीला घ्यायचं म्हणून उड्डाणपुलावरून न जाता खालून नाशिकच्या द्वारका चौकात आलो आणि अडकलोच, पुढे द्राक्षाच्या क्रेटचा पिकअप, मागे सिटीबस, रिक्षावाले मधनंच घुसतायत. मामांनी परत फोनचं काढलं. मग म्हटलं वेळ आहेच तर सांगूनच टाकू.

म्हटलं मामा, गडकरींचं खातं रस्ते वाहतूक आणि महामार्ग, २०१४ पासून. रेल्वे अश्विनी वैष्णवांकडे, विमानं राममोहन नायडूंकडे, बंदरांचा मंत्री आणखी वेगळा. अमेरिकेत हे बरंचसं एकाच खात्यात बसतं, आपल्याकडे वाटून टाकलंय. आणि रस्त्यांतही त्यांचे फक्त राष्ट्रीय महामार्ग, म्हणजे देशातल्या साधारण ६३ लाख किलोमीटरपैकी दीड लाखाच्या आत. बाकी राज्य, झेडपी, महापालिका, ग्रामपंचायत. अर्थात ट्रॅफिकचा मोठा भार ह्याच थोड्या रस्त्यांवर असतो त्यामुळे खातं काही छोटं नाही.

"मग आरटीओ?" आरटीओ राज्याचं. मोटार वाहन कायदा दिल्लीचा, २०१९ ला दंड वाढवले तेही दिल्लीनेच, पण कोर्टात न जाता जागेवरच मिटवायला किती दंड घ्यायचा ते राज्य ठरवतं, म्हणून तर तोच हेल्मेटचा दंड राज्य बदललं की बदलतो. मामा म्हणाले, "म्हणजे सासू एकीकडे आणि स्वयंपाकघर दुसरीकडे."

खरी गंमत पुढेच झाली. मी फास्टॅगचा वार्षिक पास काढलाय, काढला तेव्हा ३,००० रुपये होता, २०० ट्रिपा किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. नाशिकच्या आधी पिंपळगावच्या टोलला मेसेज आला होता, एक ट्रिप गेली, पैसे कापले नाहीत, तेव्हा मी मामांना मोबाईल दाखवून भाव खाल्लेला. मग इगतपुरीला समृद्धी महामार्गावर चढलो, कसारा घाट नाही, ट्रक नाहीत, जवळपास ८ किलोमीटरचा बोगदा सुसाट पार केला, मामा एकदम खुश. "बघ, ह्याला म्हणतात गडकरी."

आमण्याला उतरलो आणि मेसेज आला, टोलचे पैसे कट. मामांनी चष्मा लावून दोनदा वाचला.

"तुझा पास कुठंय रे?"

म्हटलं, मामा, पास फक्त राष्ट्रीय महामार्गाच्या टोलला चालतो. समृद्धी राज्याच्या रस्ते विकास महामंडळाची.

"म्हणजे बोगदा पण गडकरींचा नाही?"

"नाही."

मामा भिवंडीपर्यंत गप्प. मग हळूच म्हणाले, "त्या महामंडळाचा नंबर आहे का तुझ्याकडे?"