गणिताच्या पेपरात वाजलेला फायर अलार्म

इंग्लंडमधल्या श्रॉपशरच्या एका छोट्या गावातल्या माध्यमिक शाळेत मी मे-जूनमध्ये पर्यवेक्षक असते. परीक्षा जीसीएसईची, आपल्या दहावीच्या तोडीची. माझ्याबरोबरची बहुतेक मंडळी गावातलीच, निवृत्त. दहावीच्या केंद्रावर भरारी पथकाची धास्ती घेतलेली मी एकटीच. इथे धास्ती नियमपुस्तिकेची. मुलांना मनगटी घड्याळ चालत नाही, पाण्याच्या बाटलीवरचं लेबलही काढून यावं लागतं.

गणिताचा पहिला पेपर कॅल्क्युलेटरशिवाय. दीड तास, 80 गुण. सोपा फाउंडेशन आणि अवघड हायर, अशा दोन पातळ्यांचे पेपर एकाच वेळी. निम्मा वेळ सरला असेल नसेल, फायर अलार्म वाजला. सगळ्या माना वर, नजरा माझ्याकडे. पेनं खाली, वेळ टिपली, पेपर बाकावरच, हजेरीचा कागद हातात, एकेक रांग बाहेर. बाहेरही परीक्षाच चालू असते, म्हणून एक शब्द बोलायचा नाही.

मैदानावर खालच्या वर्गांची पोरं फुकटची सुट्टी मिळाल्यासारखी कलकलाट करत होती. आमची इयर इलेव्हन, म्हणजे परीक्षेला बसलेली मुलं, आम्ही लांब टेनिस कोर्टावर नेली. मला वाटलं होतं, कुजबूज होणारच. पंधरा-सोळा वर्षांची पोरं ती! पण कुणी तोंड उघडलं नाही. एक मुलगी मात्र हुंदके देत होती. गणितात किमान 4 ही श्रेणी नाही आली तर पुढे कॉलेजातही गणित सुटत नाही. मी टिश्यू दिला, धीराचे शब्द गिळले. मी बोलले असते तर तीही बोलली असती.

तिच्या शेजारच्या मुलाचे डोळे मिटलेले, ओठ हलत होते. जवळ गेले तर एकच आकडा पुन्हा पुन्हा. बिचारा गुणाकाराच्या मधोमध अडकला होता.

फूड टेकच्या, म्हणजे स्वयंपाकाच्या वर्गात कुणाचा तरी टोस्ट करपला होता, एवढंच निघालं. परत येताच त्या मुलाने पेनावर झडप घातली. मी म्हटलं, ठेव खाली. सगळे बसेपर्यंत, फळ्यावर संपण्याची नवी वेळ लिहीपर्यंत कुणीच लिहायचं नाही. त्याने माझ्याकडे जे पाहिलं! एक आकडा लिहू दिला असता तर आभाळ कोसळलं नसतं, हे मलाही कळत होतं. पण मग मागच्या रांगेला काय सांगायचं? 'सुरू करा' म्हणताच सगळ्यांच्या आधी त्याचं पेन चाललं.

पेपरनंतर मुलांचा एकच प्रश्न: "मिस, वाढीव मार्क मिळतील ना?" अशा सवलतीची कमाल मर्यादा 5 टक्के, आणि तीही घरातलं कुणी नुकतंच दगावलं असेल, अशा प्रसंगांसाठी. करपलेल्या टोस्टला काय मिळणार!

परीक्षा विभागाच्या बाई बोर्डाला पाठवायचा अहवाल लिहीत होत्या.

"बाहेर कोणी बोललं?"

"एक जण. स्वतःशीच. आकडा पुटपुटत होता."

"शेजारी कोण होतं?"

"ती रडणारी मुलगी. पण तिचा पेपर फाउंडेशनचा, याचा हायरचा."

त्यांनी पेन थांबवलं. "दोन्हींत काही प्रश्न सारखे असतात," त्या म्हणाल्या, आणि तेही लिहून घेतलं.