धडधड परीक्षेची की कॅनची?

दहावी-बारावीचं जागरण आता नुसत्या चहावर भागत नाही. टेबलावर एनर्जी ड्रिंकचा कॅन असतो, वेफर्सचं पाकीट असतं, अकराला झटपट नूडल्स होतात. मग छाती धडधडते, हात थरथरतात, झोप उडते, आणि घरचे म्हणतात, परीक्षेचं टेन्शन. असेलही. पण कॅफीन जास्त झालं तरी नेमकं हेच होतं, म्हणून आधी हिशेब मांडावा.

एफएसएसएआय या आपल्या देशातल्या अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमाप्रमाणे कॅफीनयुक्त पेयात लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन चालतं. म्हणजे २५० मिलीच्या कॅनमध्ये ७५ मिलिग्रॅमपर्यंत. इन्स्टंट कॉफीच्या एका चमच्यात साधारण ६०. युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेने मुलांसाठी धरलेली मर्यादा वजनाच्या किलोमागे दिवसाला ३ मिलिग्रॅम आहे. पन्नास किलोच्या मुलाचे १५० मिलिग्रॅम दोन कॅनमध्येच संपू शकतात. चहा आणि कोला अजून मोजलेलाच नाही. लहान मुलांनी पिऊ नये, ही सूचना त्याच कॅनवर बारीक अक्षरांत असते. ती वाचायला भिंगच हवं!

प्यायलेल्यातलं निम्मं कॅफीन शरीराबाहेर पडायला सुमारे पाच तास लागतात. रात्री नऊच्या कॅनचा अर्धा असर दोन वाजता शिल्लक असतो. झोप मोडते, सकाळी डोकं जड, चिडचिड. त्यावर उतारा म्हणून पुन्हा कॅन.

वेफर्स-बिस्किटांवर मात्र सगळं खापर फोडू नये. अतिप्रक्रिया केलेलं खाणं आणि चिंता एकत्र आढळतात, असं बरेच अभ्यास सांगतात. पण घाबरलेलं मूलही पाकिटाकडेच वळतं. कशामुळे काय, हे त्यातून ठरत नाही. पाकिटाचा ठळक तोटा वेगळाच आहे: त्याने भूक मरते आणि जेवण राहतं.

क्लासला निघण्याआधी, चार-पाचच्या सुमारास, थालीपीठ-दही, मटकीची उसळ किंवा भरपूर दाणे घातलेले पोहे पोटात गेले, तर रात्रीची खा-खा बरीच कमी होते. कॅफीन दुपारी दोननंतर नको.

रोजची सवय असेल तर एकदम तोडू नका. बारा ते चोवीस तासांत डोकं ठणकायला लागतं, आणि मूल म्हणतं, बघा, कॅनशिवाय अभ्यास होतच नाही. दर दोन-तीन दिवसांनी पाव भाग कमी करा, तेही परीक्षेच्या आठवड्यात नाही. कॅन सुटल्यावर दोन-तीन आठवड्यांनीही धडधड, रडू किंवा शाळा टाळणं सुरूच राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. जगणं नकोसं झाल्याची भाषा आली तर त्याच दिवशी. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.