अमॉस अलोन्झो स्टॅग आणि सत्तरीनंतरची कारकीर्द

अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या आरंभीच्या प्रशिक्षकांपैकी वॉल्टर कॅम्प यांनी खेळाचे नियम घडवले आणि जॉन हाइस्मन यांच्या नावाचा करंडक आजही दिला जातो; तरीही मला सर्वाधिक आदर वाटतो तो अमॉस अलोन्झो स्टॅग यांच्याविषयी, कारण प्रशिक्षक हा आधी शिक्षक असतो, ही भूमिका त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही.

न्यू जर्सीतील वेस्ट ऑरेंज येथे १८६२ मध्ये एका चर्मकाराच्या घरी जन्मलेले स्टॅग येल विद्यापीठात धर्मोपदेशक होण्यासाठी शिकत होते, मात्र तिथेच ते कॅम्प यांच्या तालमीत तयार झाले. देशातील सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंच्या मानाच्या यादीत, म्हणजे १८८९ च्या पहिल्या ऑल-अमेरिका संघात, त्यांची निवड झाली. पुढे स्प्रिंगफील्डला काही काळ शिकवून ते १८९२ मध्ये नव्या शिकागो विद्यापीठात गेले. येलमध्ये त्यांना शिकवलेले विल्यम रेनी हार्पर आता तिथे अध्यक्ष होते आणि त्यांनी स्टॅग यांना शारीरिक शिक्षण विभागाचे प्रमुखपद देऊन प्राध्यापकवर्गात कायमची जागा दिली. फुटबॉलच्या प्रशिक्षकाला असा दर्जा तोवर मिळालेला नव्हता. पहिल्या हंगामात खेळाडू कमी पडले, तेव्हा ते स्वतःही संघातून खेळले.

शिकागोतील चार दशकांत त्यांच्या संघाने बिग टेन, म्हणजे मध्य-पश्चिमेतील विद्यापीठांच्या गटाची स्पर्धा, सात वेळा जिंकली. त्यातला १९०५ चा थँक्सगिव्हिंगचा सामना मला विशेष वाटतो. प्रशिक्षक फील्डिंग योस्ट यांचा मिशिगन विद्यापीठाचा संघ सलग ५६ सामने अपराजित होता आणि दोन्ही बाजूंना एकही गुण मिळत नव्हता. अशा वेळी शिकागोच्या वॉल्टर एकर्सॉलने लाथाडलेला चेंडू मिशिगनच्या डेनी क्लार्कने आपल्याच गोलरेषेमागे झेलला आणि तो पुढे धावू लागताच शिकागोच्या खेळाडूंनी त्याला मागे रेटून पाडले. प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच गोलरेषेमागे पाडल्याचे दोन गुण मिळतात; त्यांवरच शिकागोने सामना २-० असा जिंकला. स्टॅग डावपेचांसाठी प्रसिद्ध होतेच, पण चेंडू दूर मारून प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच टोकाला कोंडण्याचा संयम मला अधिक मोलाचा वाटतो.

१९३२ मध्ये सत्तरी गाठताच विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे त्यांना निवृत्त व्हावे लागले. मैदानाबाहेरचे पद देऊ केले गेले, ते त्यांनी नाकारले आणि कॅलिफोर्नियातील स्टॉकटन येथील कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये १९३३ पासून नव्याने सुरुवात केली. माझ्या मते त्यांची खरी थोरवी इथेच दिसते. साधने तोकडी होती, महाविद्यालय लहान होते, आणि पत्नी स्टेला सामन्यातील चालींची टिपणे काढून त्यांना मदत करत असत. युद्धकाळात नौदलाचे प्रशिक्षणार्थी महाविद्यालयात आले, संघ बळकट झाला आणि १९४३ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, देशातल्या प्रशिक्षकांनी त्यांना वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून निवडले. तिथून निघाल्यावर पेनसिल्व्हेनियातील सस्क्वेहाना विद्यापीठात ते आपल्या मुलाबरोबर प्रशिक्षक झाले, आणि नव्वदी उलटल्यावरही स्टॉकटनमध्ये तरुणांना चेंडू कसा मारावा, हे शिकवत राहिले.

दरम्यान शिकागोने १९३९ च्या हंगामानंतर फुटबॉलच बंद केला, आणि त्यांच्या नावाच्या मैदानाच्या प्रेक्षागृहाखाली २ डिसेंबर १९४२ रोजी जगातील पहिली नियंत्रित आण्विक शृंखला अभिक्रिया (एका अणूच्या फुटण्यातून पुढचे अणू फुटत जाणे) घडली. स्टॅग १९६५ मध्ये १०२ व्या वर्षी वारले. त्यांच्या नावावरचा ३१४ विजयांचा आकडा १९८१ मध्ये अलाबामा विद्यापीठाचे प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांनी ओलांडला.