हाइक कमी दिली तरी चालेल, पण कारण सांगा

अप्रेझलचे, म्हणजे वर्षभराचं काम मोजून रेटिंग आणि पगारवाढ (हाइक) ठरवायचे दिवस आले की पुण्याच्या हिंजवडी आयटी पार्कातल्या कुठल्याही कॅन्टीनमध्ये जाऊन बसा, सगळे हळू आवाजात एकच बोलत असतात, कोणाला कुठलं रेटिंग, कोणाला किती टक्के. आणि खरं सांगू का, टक्के कमी मिळाले म्हणून रडणारी माणसं मी फार कमी बघितलीत. चिडतात ती कारण न सांगितल्यामुळे, किंवा सांगितलेलं कारण शेजारच्याला लागू न केल्यामुळे.

आमच्या इथे एक मैत्रीण बाळंतपणाच्या रजेवरून परत आली आणि तिला सरळ खालचं रेटिंग. का, तर म्हणे "तू वर्षभर होतीसच कुठे?" अहो, 2017 च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची पगारी रजा कायद्यानेच आहे, म्हणजे अर्धं वर्ष ती नसणार हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. मग उरलेल्या अर्ध्या वर्षाचं काम बघा ना! त्या काळात तिने सॉफ्टवेअरचं एक अडकलेलं रिलीज रात्री जागून बाहेर काढलं, क्लायंटचा मेल आहे तसा. पण रजा घ्यायचा हक्क द्यायचा आणि घेतली की रेटिंगमधून वसूल करायची, याला हक्क कसं म्हणायचं? टीममधल्या बाकीच्या मुली हे सगळं बघत होत्या. त्यातल्या एकीचं नुकतंच लग्न झालंय, तिने त्याच आठवड्यात सीव्ही अपडेट केला.

म्हणजे नुकसान एकटीचं होत नाही. जॉन स्टेसी ॲडम्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1963 मध्येच मांडलंय की माणूस फक्त स्वतःचा पगार बघत नाही, आपण किती राबलो आणि काय मिळालं हे तो दुसऱ्याशी ताडून बघतो, आणि तिथे तफावत दिसली की एकतर काम कमी करतो नाहीतर निघून जातो. आपल्याकडे मॅनेजर लोक याला ॲटिट्यूड प्रॉब्लेम म्हणतात.

न्याय बॉसच्या चांगुलपणावर सोडायचा नसतो हे पुण्याला नवीन नाही खरं तर. मार्केट यार्डातल्या हमालांकडे बघा. बाबा आढावांनी हमाल पंचायत ही हमालांची संघटना उभी केली, आणि 1969 मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्यात हमालाची आणि मालकाची सरकारी माथाडी मंडळाकडे नोंदणी, मजुरी मंडळामार्फत, वर लेव्ही, म्हणजे मजुरीवर मालकाने भरायची जादा रक्कम, त्यातून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, रजा, बोनस. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसांनी हे लेखी करून घेतलं, आणि आम्ही एसीत बसून रेटिंगचे निकष काय हे विचारायला घाबरतो!

आणि आमच्याच फ्लोअरवरच्या हाउसकीपिंगच्या मावशींचं काय? त्या कंत्राटदाराच्या, म्हणून दिवाळीचा बॉक्स नाही, फॅमिली डेला बोलावणं नाही. एजन्सी बदलते, युनिफॉर्मचा रंग बदलतो, मावशी त्याच, आणि त्यांची नोकरी मात्र दरवेळी पहिल्यापासून सुरू. आम्हाला आमचं अर्धा टक्का कमी-जास्त झालेलं लगेच दिसतं, हे दिसत नाही, याचा मला खूप त्रास होतो.

म्हणून एचआरच्या मीटिंगमध्ये मी तीन गोष्टी लेखी मागितल्यात. रेटिंगचे निकष वर्षाच्या सुरुवातीला सगळ्यांना मेलवर द्यायचे, आणि रजेवर असलेल्या माणसाला जेवढे महिने काम केलं तेवढ्यावरच मोजायचं. आणि दिवाळीच्या बॉक्सची यादी करताना फ्लोअरवर राबणारे सगळे धरायचे, गळ्यातलं आयकार्ड कुठल्या एजन्सीचं आहे ते न बघता. मावशींना पगारी सुट्ट्या किती मिळतात तेही विचारलंय. उत्तर अजून आलेलं नाही, पुढच्या मीटिंगमध्ये परत विचारणार आहे, आणि यावेळी टीममधले अजून चौघं सोबत येतायत.