लाल वर, निळा खाली

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने कळवलं, "शाळेतल्या पहिल्या दिवसाबद्दल लिहा." माझी पंचाईत अशी की आपल्या शाळेत मी आले ती थेट सातवीत, जून १९९९ मध्ये. त्याआधीची सहा वर्षं मी फिलिपिन्समधल्या लॉस बान्योसच्या शाळेत काढली होती. दापोलीतला पहिला दिवस सांगायचा तर सुरुवात तिथून करावी लागते. सांभाळून घ्या.

बाबा १९८३ साली भातावर संशोधन करायला तिकडे गेले. लॉस बान्योसला आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आहे, १९६० सालची. बाबा गेले तेव्हा एम. एस. स्वामिनाथन तिचे महासंचालक होते. बाबांनी भाताबरोबर तिथली एक मुलगीही पसंत केली. ती माझी आई. तागालोग भाषेत आईला नानाय म्हणतात, म्हणून मी तिला नानाय म्हणते आणि बाबांना बाबा.

तिथली शाळाही जूनमध्येच सुरू व्हायची, पावसात, नव्या वह्यांच्या वासासकट. दर सोमवारी पटांगणात झेंडावंदन. उजवा हात छातीवर ठेवून राष्ट्रगीत म्हणायचं, मग प्रतिज्ञा: "इनिइबिग को आंग पिलिपिनास", म्हणजे माझं फिलिपिन्सवर प्रेम आहे. पुढे आईवडिलांचं ऐकेन, शाळेचे नियम पाळेन वगैरे. बाबा म्हणायचे, "शब्द बदलले, पण पोरांना धाकात ठेवायची युक्ती तीच."

सहावीत, १९९८ च्या जूनमध्ये, एका सोमवारी झेंडा चढवायचा मान मला आणि वर्गातल्या एका मुलाला मिळाला. वर्षही साधं नव्हतं. १२ जून १८९८ रोजी क्रांतिकारकांचा नेता एमिलिओ अगिनाल्दो याने काविते प्रांतातल्या आपल्या घरी स्पेनपासून स्वातंत्र्य जाहीर केलं, त्याची शताब्दी होती. गावभर पताका लागलेल्या. फिलिपिन्सच्या झेंड्यात वर निळा पट्टा, खाली लाल, आणि दांड्याकडे पांढरा त्रिकोण. त्रिकोणातल्या सूर्याला आठ किरण, आठ प्रांतांचे. त्यातला एक आमच्या लागुनाचा, त्यामुळे आम्हाला तो सूर्य थोडा जास्तच आपला वाटायचा. रात्रभर पाऊस पडलेला, दोरी भिजून फुगलेली. मी घाईत कडी अडकवली आणि ओढत सुटले. तिथे झेंडा उघडाच चढतो, त्यामुळे चढताना सगळ्यांना दिसतो. माझं लक्ष दोरीकडे. पटांगणात गाणं हळूहळू विस्कटायला लागलं, तेव्हा मी वर पाहिलं. लाल वर, निळा खाली.

झेंडा उलटा लागला एवढीच ती चूक नव्हती. फिलिपिन्सच्या झेंड्याला ती एक खोड आहे: शांततेत निळा वर, युद्ध असेल तर लाल वर. कायद्यातच तसं आहे. म्हणजे मी अकराव्या वर्षी, सोमवारी सकाळी, सगळ्या शाळेदेखत युद्ध पुकारलं होतं.

शिपाईकाका धावत आले. झेंडा उतरवून, सुलटा करून पुन्हा दोरी माझ्याच हातात दिली आणि हळूच विचारलं, "कोणाशी लढायचंय?" मुलं हसली, पण काका हसत नव्हते. १९४५ मध्ये ते सात-आठ वर्षांचे होते. जपान्यांनी लॉस बान्योसला कैद्यांची छावणी केली होती. २३ फेब्रुवारीला अमेरिकी सैनिक आणि गनिमी काव्याने लढणाऱ्या फिलिपिनोंनी छापा घालून दोन हजारांवर कैदी सोडवले. त्या छाप्याचं कौतुक जगभर झालं. सुटलेले निघून गेले, आणि मागे राहिलेल्या गावावर जपान्यांनी सूड उगवला. घरंच्या घरं जाळली, शेकडो माणसं मारली. काकांच्या घरातलं कोण गेलं ते मी विचारलं नाही. त्या वयात सुचत नाही.

तिथल्या राष्ट्रीय दिवसांची मला पुढे फार गंमत वाटली. १८९८ चं स्वातंत्र्य सहा महिनेही टिकलं नाही. त्याच डिसेंबरात स्पेनने अख्खा देश दोन कोटी डॉलरला अमेरिकेच्या हवाली केला. अमेरिकेने सोडलं ते १९४६ मध्ये, आणि तेही ४ जुलैला, स्वतःच्याच स्वातंत्र्यदिनी. सोळा वर्षं सगळे तोच दिवस पाळत राहिले. १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष माकापागाल यांनी तारीख परत १२ जूनवर नेली. दिलेल्या स्वातंत्र्याची तारीख सोडून स्वतः जाहीर केलेल्याची धरली, हे मला अजूनही पटतं.

होसे रिसाल हा तिथला सगळ्यात मोठा माणूस. डॉक्टर, कादंबरीकार. आमच्या शेजारच्या कलांबाचा, म्हणजे जीपनीने, तिकडच्या वडापच्या जीपने, गेलं की आलंच. स्पॅनिशांनी त्याला ३० डिसेंबर १८९६ रोजी मनिलात गोळ्या घातल्या, पस्तिसाव्या वर्षी. तो दिवस नाताळच्या सुट्टीत येतो, म्हणून आमच्या बाई जूनमधल्या त्याच्या जयंतीलाच नाटुकलं बसवायच्या. पाठीत गोळ्या घालायचा हुकूम होता आणि पडतापडता त्याने अंग वळवून तोंड आकाशाकडे केलं, असं आम्हाला शिकवलेलं. त्यामुळे मधल्या सुट्टीत झाडून सगळी मुलं गिरकी घेऊन उताणं पडायचा सराव करायची. गणवेश चिखलाने माखायचे, घरोघरी देशभक्तीबद्दल मार बसायचा. दुसरा मोठा माणूस बोनिफासियो, स्पेनविरुद्धच्या क्रांतीचा नेता. त्याची मात्र जयंतीच पाळतात, पुण्यतिथी नाही. का, ते मोठेपणी कळलं. त्याला १८९७ मध्ये मारलं ते आपल्याच क्रांतिकारकांनी. अशी पुण्यतिथी पाळायची कशी?

ऑगस्ट हा भाषेचा. पूर्वी भाषासप्ताह असायचा, मी पाचवीत असताना, १९९७ मध्ये, त्याचा महिना झाला. एरवी वर्षभर वर्गात तागालोगचा शब्द तोंडातून निघाला की एक पेसो दंड, कारण इंग्रजी सुधारायला हवं. ऑगस्टमध्ये उलट: इंग्रजी शब्दाला दंड. डबा एकच, आणि भरायचा तो दोन्हीकडून. मी एकदा दोन्हीतून सुटायला मराठीत उत्तर दिलं. बाईंनी थोडा विचार केला आणि दोन पेसो घेतले.

त्याच बाईंनी वर्गाच्या भिंतीवर वर्तमानपत्रातलं एक कात्रण चिकटवलं होतं. १९८९ मध्ये आमच्याच लागुना प्रांतात नदीतली वाळू काढताना एक ताम्रपट सापडला. कागदाएवढा पातळ पत्रा, त्यावर दहा ओळी. फिलिपिन्समध्ये सापडलेला हा सर्वांत जुना लिखित दस्तऐवज. बाईंनी पहिली ओळ अडखळत वाचली: शक वर्ष ८२२, वैशाख, चतुर्थी, कृष्णपक्ष, सोमवार. वर्गाला अर्थातच ओ की ठो कळलं नाही. मी ताडकन उभी राहिले. "सोमवार म्हणजे मंडे!" बाकीचं मलाही येत नव्हतं, पण तेवढ्यावर मी आठवडाभर मिरवलं. ओळ वहीत उतरवून घेतली.

मार्च १९९९ मध्ये सहावी संपली आणि बाबांनी परतायचं ठरवलं.

दापोलीच्या घरी पाय ठेवताच मी तिकडच्या पद्धतीने आजीचा हात धरून माझ्या कपाळाला लावला. आजीला वाटलं, पोरीला ताप आहे. तिने लगेच दुसरा हात गळ्यालाही लावून पाहिला. शाळेत दुसरी फजिती. तागालोगमध्ये मोठ्यांशी बोलताना प्रत्येक वाक्यात "पो" घालायचं असतं, आपल्या "अहो"सारखं. बाईंनी हजेरी घेतली आणि मी अदबीने म्हणाले, "हजर पो." कोकणात पो फक्त शेणाचा असतो, हे मला कोण सांगणार? दहावीपर्यंत माझं नाव होपो. आज निम्म्यांच्या फोनमध्ये तेच असेल. मला वाचवलं आट्यापाट्यांनी. तिकडे पातिन्तेरो म्हणतात, पाण्याने रेघा ओढून खेळतात. भाषा न येताही पाट्या चुकवता येतात. पहिल्याच शनिवारी मी लोण आणलं आणि मुलींनी मला आपल्यात घेतलं.

पण मला सांगायचाय तो दिवस वेगळा. कारगिलचं युद्ध चालू होतं. वर्गावर्गातून जवानांसाठी डबा फिरत होता. मी हात वर केला आणि जुळवून जुळवून विचारलं, "बाई, युद्ध आहे. आपला झेंडा उलटा कधी करणार?"

वर्ग चिडीचूप. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, ही चीनची हेर आहे!"

बाईंनी त्याला उभं केलं आणि मला फळ्यापाशी बोलावलं. मी निळ्या आणि लाल खडूने झेंडा काढला, आधी सुलटा, मग उलटा. मोडक्या मराठीत शिपाईकाकांची गोष्टही सांगितली. बाईंनी सांगितलं, आपला झेंडा कधीच उलटा करत नाहीत, तो अपमान समजतात. मग फळ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "आणि युद्ध संपल्यावर सुलटा कोण करतं गं?" मला सांगता आलं नाही.

त्या पंधरा ऑगस्टला मी सवयीने हात छातीवर नेला. पीटीच्या सरांनी लांबूनच खूण केली, हात खाली, सावधान. आपल्याकडे झेंडा पुरचुंडी करून, आत फुलं ठेवून वर चढवतात. गाठ सुटेपर्यंत कोणती बाजू वर आहे ते दिसत नाही. गाठ सुटली, पाकळ्या पडल्या. केशरी वरच होता. मग मी श्वास सोडला.

पुढच्या संकष्टीला आजी भिंतीवरचं कॅलेंडर बघून चंद्रोदयाची वेळ काढत होती. तारखेखाली बारीक अक्षरात "कृष्ण चतुर्थी" दिसलं आणि मला वहीतली ओळ आठवली. वही आणून आजीला वाचून दाखवली.

"अगो, म्हणजे संकष्टीच की! मंगळवार असता तर अंगारकी झाली असती." आजी चष्मा लावून जवळ आली. "अकराशे वर्षांपूर्वी तुझ्या आईच्या गावी संकष्टी? काय लिहिलंय त्यात?"

मी सांगितलं: आंगकातान नावाच्या बाईवर आणि तिच्या भावावर बापाचं कर्ज होतं, सोन्याच्या वजनात एक कटी आणि आठ सुवर्ण. ते त्या दिवशी माफ झालं. पुढे कधी कुणी म्हणालं की फिटलेलं नाही, तर... आणि तिथे पत्रा संपतो, वाक्य अर्धंच.

नानाय स्वयंपाकघरात विळीवर नारळ खवत होती, तिचेही हात थांबले. आजीने बराच विचार केला.

"चंद्रोदय किती वाजता ते दिलंय का त्यात?"